एएस/४०० आणि मध्येच तुटणारी जोडणी

आयबीएमने जून १९८८ मध्ये जाहीर केलेल्या एएस/४०० या मध्यम क्षमतेच्या संगणकात डेटाबेस वरून बसवावा लागत नाही. तो कार्यप्रणालीतच अंगभूत असतो, आणि आज आयबीएम आय या नावाने चालणाऱ्या प्रणालीनेही ही रचना टिकवली आहे. त्यामुळे अनेक संस्थांची वर्षानुवर्षांची हिशेबी माहिती याच यंत्रावर राहते, तर नवी वेब-ॲप्लिकेशन्स दुसऱ्या सर्व्हरवरून नेटवर्कमार्फत ती मागवतात.

या मागणीसाठी सर्व्हरवरील ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातील दुवा, सामान्यतः ८४७१ या पोर्टवर जोडणी मागतो, आणि पलीकडे आधीच सुरू करून ठेवलेल्या 'क्यूझेडडीएएसओआयनिट' या जॉबांपैकी एक जॉब ती स्वीकारतो. जॉबांच्या यादीत हे सारे 'क्यूयूझर' या एकाच नावाने दिसतात. खरा वापरकर्ता कोण आणि तो कोणत्या पत्त्यावरून आला, हे त्या जॉबच्या लॉगमध्ये पाहावे लागते.

दुपारभर सुरळीत चाललेले ॲप्लिकेशन सकाळच्या पहिल्याच क्वेरीला अडत असेल, तर संशय दोन्ही यंत्रांपेक्षा मधल्या फायरवॉलवर घेणे अधिक सयुक्तिक ठरते. दर वेळी नवी जोडणी उघडण्याचा खर्च वाचावा म्हणून सर्व्हर काही जोडण्या कनेक्शन पूलमध्ये उघड्या ठेवतो. मात्र ठरावीक काळ त्यांतून काहीच गेले नाही, तर फायरवॉल आपल्या तक्त्यातील त्यांची नोंद पुसतो आणि बहुधा कोणत्याही बाजूला तसे कळवत नाही. जोडणी जिवंत असल्याची चाचपणी करणारा कीपअलाइव्ह संदेश आयबीएम आयवर मूळ नेमणुकीनुसार १२० मिनिटांनी निघतो, लिनक्सवरही ७,२०० सेकंदांनी. फायरवॉलची मुदत तासाभराची असेल, तर दोन्हीकडची चाचपणी उशिराच पोहोचते.

अशा वेळी सर्व्हर तडकाफडकी रीस्टार्ट करण्याची सवय घातक आहे, कारण त्याने तक्रार थांबते आणि पुरावाही जातो. त्याआधी 'नेटस्टॅट' आदेशाने जोडण्यांची यादी उघडून प्रत्येकीसमोरचा निष्क्रिय काळ पाहावा: तुटलेल्या जोडण्यांचा काळ फायरवॉलच्या मुदतीपलीकडे गेलेला दिसला, तर निदान जवळजवळ झालेच. मग 'सीएचजीटीसीपीए' आदेशाने कीपअलाइव्हचा अवधी त्या मुदतीहून कमी करावा, आणि पूलमधून जोडणी देण्यापूर्वी 'सिसडमी१' या एका ओळीच्या तक्त्यावर छोटी क्वेरी चालवून ती तपासण्याची सोय सुरू करावी.