सातचा भोंगा आपल्याही घरात वाजू द्या

संध्याकाळी ब्रह्मपुरीतील कोणत्याही वस्तीत डोकावून पाहा. घरात पाच माणसे असतात, पण बोलत कोणीच नसते. प्रत्येकाच्या हातात मोबाईल! दुसऱ्यांचे कशाला सांगावे, आमचेच घर असे होते.

आम्ही कारकून. दिवसभर आकडेमोड करून घरी आलो की खाट गाठायची आणि मोबाईल उघडायचा. पाच मिनिटे म्हणता म्हणता दहा वाजत. मुलगी दहावीला. एके दिवशी तिच्या हातातला मोबाईल आम्ही रागाने हिसकावला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही ठेवा." कोपऱ्यातून आमची आई म्हणाली, "मी चार दिवसांपासून सांगून राहिली, गुडघा दुखते. तुझं नुसतं हो, हो." आम्हाला उत्तर सुचले नाही.

दोष सगळा आपलाच आहे असेही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली, तेव्हा गोरगरिबांनी हातउसने करून मोबाईल घेतले. शाळा उघडल्या, मोबाईल मात्र सुटला नाही. या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर चालते. आपण जितका वेळ पाहू, तितक्या जाहिराती. म्हणून एका रीलखाली दुसरी तयारच असते. त्यात रोजचा डेटा मध्यरात्री संपतो, तो वाया जाऊ नये असे वाटते. वाया जाते ती आपली झोप!

यावर गावांनीच उपाय काढले आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत मोबाईल व टीव्ही बंद. आशा व अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले. आपल्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. आम्हाला वडगावची रीत अधिक पटली, कारण तिथे नियम मोठ्यांनाही आहे.

आम्ही घरात तेच सुरू केले. सात ते साडेआठ सर्वांचे मोबाईल फळीवर. घंटी चालू ठेवायची, म्हणजे तातडीचा फोन चुकत नाही. रीलचे ॲप काढून टाकले. चार्जर पुढच्या खोलीत नेला, त्यामुळे अंथरुणात मोबाईल येत नाही. पहिले आठ दिवस हात सारखा खिशाकडे जाई. मग मुलीच्या गणिताकडे बसू लागलो. आईला दवाखान्यात दाखवून आणले. कधी कधी नियम मोडतो, तेव्हा मुलगीच टोकते.

आपल्या झाडीपट्टीत मंडईचे नाटक पाहत माणसे रात्र जागवतात. तिथे शेजारी माणूस असतो, हसू सोबतीने येते. मोबाईलवरची जागरणे एकट्याची असतात.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधताना ग्रंथांसाठी जागा राखली. आपल्या दोन खोल्यांच्या घरात तेवढी जागा नाही, पण दीड तास राखता येईल. ज्यांच्या घरी गडबड असते, त्यांच्या मुलांसाठी वस्तीतील विहार सात वाजता उघडा ठेवता येईल. आज संध्याकाळी सुरुवात करा. पण मुलांना सांगण्याआधी आपला मोबाईल फळीवर ठेवा.