माळशिरसची सांजोवेझे

जानेवारी लागला की शीळफाट्यावर द्राक्षं येतात. पनवेलहून मुंब्र्याकडे जाणाऱ्या रस्त्याला कल्याणचा रस्ता मिळतो, तिथे कडेला हातगाड्या उभ्या राहतात आणि विक्रेता गावाच्या नावाने ओरडतो: नाशिकची, तासगावची, बारामतीची. थॉमसन, सोनाका, शरद ही जातींची नावं बागाइतदाराच्या तोंडी. गिऱ्हाइकाला गाव पुरतं. याच रस्त्याने कधी कधी एमएच ४५ पाटीचा टेम्पो जातो. ही अकलूजची पाटी. अकलूजच्या आसपास, सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात, इटलीतल्या तोस्कानाचं एक द्राक्ष पिकतं. ते या हातगाड्यांवर कधीच येत नाही. बी मोठं, मणी लहान, ते फक्त वाइनसाठी. पण त्याच्या मूळ मुलुखातही मालाची ओळख गावावरूनच होते.

त्या द्राक्षाचं नाव सांजोवेझे. तोस्कानातल्या मोंताल्चिनो गावात त्याला ब्रुनेल्लो म्हणतात, मोंतेपुल्चानोत प्रुन्योलो जेंतीले, स्कान्सानोत मोरेल्लीनो. कियांतीच्या टेकड्यांवरही मुख्य द्राक्ष हेच. बाटलीवर मोठ्या अक्षरांत मात्र गाव किंवा परगणा. १७१६ साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने हुकूम काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या हद्दी आखल्या. हद्दीबाहेरच्या मालाला ते नाव लावायचं नाही, हा त्याचा अर्थ. पुढे १८७२ मध्ये ब्रोलिओच्या गढीतल्या बॅरन बेत्तीनो रिकासोलीने (हा गृहस्थ एकीकृत इटलीचा पंतप्रधानही होता) कियांतीची कृती एका पत्रात लिहिली: सुवास आणि जोम सांजोवेझेचा, मऊपणा कानायोलोचा, आणि रोजच्या जेवणासोबतची हलकी वाइन हवी असेल तर थोडी पांढरी मालवाझिया.

शंभर वर्षांनी त्या कृतीचाच काच झाला. १९६७ च्या नियमांनी कियांतीत दहा ते तीस टक्के पांढरी द्राक्षं घालायलाच लावली आणि वाइन पातळ होत गेली. अँतिनोरी घराण्याने टिन्यानेल्लो नावाच्या वाइनमध्ये पांढरी द्राक्षं काढून टाकली आणि सांजोवेझेला फ्रान्सच्या काबर्ने सोव्हिन्योंची जोड दिली. कायद्याने तिला साधी टेबल वाइन म्हणणंच भाग होतं, पण तिचं नाव जगभर झालं.

अकलूजची गोष्ट इथे जुळते. तिथल्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीत मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतले भाऊ एकत्र आले. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. तोस्कानाचे वाइनकार पिएरो मासी त्यांच्यासोबत होते. फ्रान्सहून सुमारे साडेतीन लाख रोपं आणून मोटेवाडी, गारवाड, निमगाव इथे २४० एकरांवर लावली. त्यांची मानाची वाइन 'सेत्ते', म्हणजे सात. तीत सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों आहेत: टिन्यानेल्लोचीच जोडी, उसाच्या तालुक्यात.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते बाटलीच्या आधीचं, वेलाच्या झोपेचं. तोस्काना त्रेचाळीस अंश उत्तरेला. थंडीत तिथला वेल पानं गाळतो, झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीला येतो. अकलूज अठरा अंशांच्या आत. इथे वेलाला झोप येईल अशी थंडीच नाही. मोकळा सोडला तर तो वेळी-अवेळी फुटेल आणि घड पावसात सापडून केवडा, भुरी अशा बुरशीरोगांनी जाईल. म्हणून कात्री. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी: ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एकदोन डोळे राखून बाकी सगळी काडी उतरवायची. उन्हाळ्यात नवी काडी वाढते आणि पुढच्या घडाचा गर्भ तिच्या डोळ्यात तेव्हाच धरतो. मग पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळ छाटणी. छाटल्यावर डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे सगळे एकदम फुटतात. पाच-सहा महिन्यांत तोडणी.

हे वेळापत्रक तोस्कानाच्या मळ्यात कोणी शिकवत नाही. सोलापूर, सांगली, नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांच्या बागाइतदारांनी आणि छाटणीच्या टोळ्यांनी ते हाताने पक्कं केलेलं होतं, वाइनची द्राक्षं त्यात नंतर आली. किती डोळे ठेवायचे, काडी कुठे वांझ निघेल, हे काडीची जाडी आणि रंग पाहून सांगणारा माणूस या वाइनचा पहिला कारागीर आहे. बाटलीवर त्याला जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

चवीतही फरक पडतो. तोस्कानात द्राक्ष पिकताना दिवस लहान आणि थंड होत जातात. माळशिरसला उलट: फेब्रुवारीत दिवस मोठा आणि तापत चाललेला. साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो. सांजोवेझे मुळातच आंबट आणि उशिरा पिकणारं, त्यामुळे या उन्हात त्याचा आंबटपणा कामी येतो. तरी तोडणी पहाटे उरकावी लागते आणि चुकलेले चार दिवस परत मिळत नाहीत. म्हणून मी या द्राक्षाला तोस्कानाचं म्हणत नाही. रोप तिथल्या जातीचं, वर्ष इथलं.

सोलापूर जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कोसिमोने हुकमाने केलं तेच आपल्याकडे काळ्या रानातल्या ज्वारीसाठी झालं. तसं 'माळशिरस' हे नाव बाटलीवर ठळक यावं, खाली छाटणीची तारीखही यावी. शीळफाट्याचा हातगाडीवाला गाव सांगतो, मग बाटलीने का सांगू नये?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कियांतीतल्या पिंपांत यंदाचा रस आंबत असेल. माळशिरसला छाटणी नुकती झालेली असेल, आणि पेस्ट लावलेल्या डोळ्यांतून दोन-दोन लालसर पानं बाहेर आली असतील.