घर घेताना तडजोड कुठवर?

'घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून' असं आपले वाडवडील सांगत आले. त्या काळी तयार घर विकत घेणं खेड्यात फारसं नव्हतंच. वाटण्या झाल्या की पडवी अडवून चूल वेगळी मांडायची, नाहीतर परसात दोन खण वाढवायचे, एवढ्यावर भागत असे. आता गावठाणात पाय ठेवायला जागा उरली नाही. सातारा-सांगलीकडच्या गावांत घर विकत घेणारी कुटुंबं बरीच दिसू लागली आहेत. कुणी भावाभावांत वेगळं झालेलं, कुणी मुंबईत माथाडी कामात जन्म घालवून गावी परतलेलं, कुणी महापुरांना कंटाळून नदीकाठ सोडू पाहणारं.

ऊस, आलं, द्राक्षाच्या कामानं मी गावोगाव फिरतो. हुमणीचं बोलणं संपलं की चहाच्या वेळी हळूच विषय निघतो, "साहेब, एक घर बघतोय. जरा येता का?" मी काही इंजिनियर नाही. पण जमीन कशी आहे, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे पाहण्यातच नोकरी गेली, आणि घराचं निम्मं दुखणं तिथंच असतं.

हवं तसं सगळं असलेलं घर आपल्या पैशात मिळत नाही, हे धरूनच चालावं. गळकं छप्पर, धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर, मोरी नाही, पोपडे आलेल्या भिंती, हे पाहून पुष्कळ जण दारातूनच परत फिरतात. नवा रंग आणि चकचकीत फरशी पाहून तेच लोक इसार देऊन मोकळे होतात. मला हे उलटं वाटतं. छप्पर पुढच्या सुगीला बदलता येतं. मोरी महिन्याभरात होते. पण घराची जागा उचलून दुसरीकडं ठेवता येत नाही, आणि कागदातली खोट गवंड्याला बुजवता येत नाही.

जागेची ही खोट तालुक्यागणिक वेगळी असते. पाटणच्या डोंगरात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. कोयनेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. दगड आणि मातीनं रचलेल्या जाड भिंती निखळून झोपलेल्या माणसांवर आल्या. त्या भागात लहान धक्के अजूनही बसतात. तिथं जुनं दगडी घर घ्यायचं असेल तर भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर सुटे आहेत का, की मध्ये मध्ये लांब आडवे दगड घालून ते एकमेकांत बांधले आहेत, हे माहितगार गवंड्याकडून तपासून घ्यावं. दार-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरवलेला सळीचा काँक्रीट पट्टा असेल तर उत्तम. आणि घराच्या पाठीमागचा उतार पाहावा. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरड आली ती रात्री, अतिवृष्टीत. घरामागचा उतार कापून सपाटी केलेली, वरून ओहोळ उतरणारा, झाडं वाकडी झालेली, जमिनीला भेग गेलेली, अशा जागी मोफत घर मिळालं तरी घेऊ नये. मुंबईहून परतणाऱ्यांना नेमकी तीच जागा आवडते, कारण तिथून दरी छान दिसते.

पूर्वेकडं आटपाडी, खानापूर, जत, माण, खटाव इकडं गोष्ट निराळी. या भागातले गलाई व्यवसायाचे लोक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले. त्यांनी गावी मोठमोठी घरं बांधली, त्यातली कित्येक वर्षाचे अकरा महिने कुलपात असतात. पुढची पिढी परगावातच रमली की घर विकायला निघतं, आणि भाव ऐकून आपण चकित होतो. दोन मजले, संगमरवरी फरशी, पितळी कड्या. (संगमरवरी फरशीवर गोठ्यातून आलेला ओला पाय कसा सरकतो, हे पावसाळ्यात कळतं.) या घरांत एकच गोष्ट विचारायची, पाण्याची. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आलं, शिवारं हिरवी झाली, हे खरं आहे. पण कालव्याचं पाणी शिवारात येणं आणि हंड्यात येणं यांत फरक आहे. पिण्याचा नळ किती दिवसांनी येतो, बोअर एप्रिल-मेमध्ये किती वेळ चालतं, पाणी खारं आहे का, हे शेजारच्या बाईला विचारावं, मालकाला नव्हे. घर आषाढात एकदा पाहावं आणि वैशाखात एकदा. दिवाळीत सगळीच घरं चांगली दिसतात.

आता कृष्णाकाठ. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५५ च्या आसपास. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पण पुलाची पातळी म्हणजे आपल्या उंबऱ्याची पातळी नव्हे. आपल्या गल्लीत २०१९ चं पाणी कुठवर आलं ती खूण देवळाच्या, नाहीतर शाळेच्या भिंतीवर असतेच. तिथून गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं घराच्या जोत्यापर्यंत पातळी काढून घ्यावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. लाखाचा व्यवहार करणारा माणूस एवढंही करत नाही, याचं मला नवल वाटतं. आणि पाणी किती फूट आलं एवढ्यावर थांबू नये, किती दिवस राहिलं तेही विचारावं. पांढऱ्या मातीची भिंत एका रात्रीचा पूर सोसते, आठवडाभर पाण्यात उभी राहिली की खालून विरघळते.

पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचं कुटुंब माझ्या चांगल्या माहितीतलं आहे. नवरा-बायको, म्हातारी आई, आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. दीड एकर ऊस, दोन गाई, एक म्हैस. थोरल्या भावापासून वेगळं व्हायचं ठरलं, आणि शेताचा एक तुकडा विकून आलेल्या पैशात घर घ्यायचं होतं. त्यांच्यापुढं तीन घरं आली.

पहिलं नदीकडच्या आळीतलं. जुन्या वाड्याचा अर्धा भाग, सागवानी तुळया, मागं परस, गोठ्याला ऐसपैस जागा, आणि किंमत सगळ्यांत कमी. म्हातारीचा जीव त्या आळीत गुंतलेला, कारण तिचा जन्म शेजारीच गेलेला. नळी लावून पाहिलं तेव्हा २०१९ चं पाणी जोत्याच्या सात फूट वर निघालं. शेजारची एक आजी म्हणाली, "पानी चुलीवर आलं हुतं, मग माळ्यावर आलं. जनावरं सोडून दिली अन् आमी निघालो." स्वस्ताईचं कारण तेच होतं. पुरात गाई-म्हशी हलवायच्या म्हणजे आदल्या दिवशीच निघावं लागतं, आणि आदल्या दिवशी कुणाला पटत नाही.

दुसरं मळ्यातलं, वस्तीवरचं. नवं स्लॅबचं घर, गोठा दारात, ऊस समोर, पुराच्या रेघेच्या बरंच वर. कारभाऱ्याला हेच पसंत. इथं दोन गोष्टी आडव्या आल्या. आपल्या जुन्या लोकांनी गावाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हटलं, ते उगीच नाही. वस्तीला उंचवट्याची टणक पांढर निवडली आणि काळी पिकाला ठेवली. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यावर उथळ पायाचं घर वर्षाला दोनदा हलतं. या नव्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या होत्या, वरून रंग मारून झाकलेल्या. पाया मुरमापर्यंत नेला होता का, याचं उत्तर मालकाला देता येईना.

दुसरी गोष्ट कागदाची. घर शेतजमिनीत, बिगरशेती केलेलं नाही, आणि सौदा शंभराच्या स्टँपवर नोटरी करून मागितलेला. अशा कागदानं घर आपलं होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदलं जाईल तेव्हाच व्यवहार झाला असं समजावं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्याबद्दलही पुष्कळांचा गैरसमज आहे. त्या उताऱ्यावर नाव असतं ते घरपट्टी आकारण्यासाठी, मालकी त्यानं सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका मागावी. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन बऱ्याच गावठाणांतल्या घरांना पत्रिका आणि सनदा मिळाल्या आहेत. तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्यावा. वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीतला प्लॉट असेल, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशा वसाहती खूप आहेत, तर विक्रीला सरकारी परवानगी लागते का हे आधी पाहावं. तडजोड करायची ती भिंतीत करावी, कागदात नको.

तिसरं घर तालुक्याच्या गावी, दोन खोल्यांचं. शाळा, दवाखाना, बाजार हाकेच्या अंतरावर. मुलांची आई याच घराच्या बाजूची होती, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलगी दोन वर्षांत दहावीला जाणार, वस्तीवरून पाणंदीच्या चिखलातून अंधारात एकटी येणार-जाणार. पण त्या घराला ना गोठा, ना वैरण रचायला जागा. जनावरं शेतात ठेवून माणसं शहरात राहिली तर धारेला कोण जाणार?

हा प्रश्न मी त्यांना वहीत मांडून दाखवला. गोठा घरापासून दोन किलोमीटरवर असला तर एका खेपेला जाऊन-येऊन चार, सकाळ-संध्याकाळ मिळून आठ. वर्षाला २,९२० किलोमीटर. जवळजवळ साताऱ्याहून दिल्लीला जाऊन परत येण्याएवढी वाट, आणि ती डोक्यावर वैरण, हातात किटली घेऊन. तालुक्याचं गाव तर दोन किलोमीटरच्याही पुढं. घरातले सगळे ते आकडे बघत बसले. मग कारभारीण शांतपणे म्हणाली, "ही वाट चालायची कुणी, ते बी लिवा की साहेब." मी लिहिलं नाही, पण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. घर पसंत करताना पुरुष मंडळी किंमत, भिंती, रस्ता बघतात. पाणी, सरपण, धार, शेण-घाण, आजारी माणसाचं उठणं-बसणं यांचा भार ज्या बाईवर पडायचा तिला घर दाखवायला नेतात ते इसार दिल्यावर. माझा आग्रह असा की तिला पहिल्या दिवशी न्यावं आणि तिला तिथं एक तास एकटी सोडावं. सरकारनंही २०२१ पासून घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली आहे. नाव तिचं लावायचं आणि विचारायचं मात्र नाही, हे बरं दिसत नाही.

शेवटी त्यांनी तिन्ही सोडली. चार महिने थोरल्या भावाच्या पडवीत काढले. या काळात म्हातारी रुसली, पावणे-रावळे हसले, आणि हातातला पैसा इकडं-तिकडं होण्याची भीती होतीच. त्यांनी तो बँकेत मुदतीवर टाकला, हे चांगलं केलं. मग गावठाणातच वरच्या आळीला एक घर निघालं. तीन खणांचं, पत्रा गळका, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, मोरी नाही, दारात ट्रॅक्टर वळत नाही. पण २०१९ च्या रेघेपासून जोतं नऊ फूट वर, जमीन टणक पांढर, मिळकत पत्रिका स्वच्छ, आणि विकणाऱ्याच्या दोन्ही बहिणी सहीला आपण होऊन आलेल्या. शाळेच्या एसटीचा थांबा देवळापाशी, आणि मुलींना पास मोफत. सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याशी आधीच लेखी करून घेतलं, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा.

राहता राहिला गोठा. तो शेतातच ठेवावा लागला, घरापासून सव्वा किलोमीटरवर. इथं कारभारणीनं अट घातली, "सकाळची धार तुमी काढायची, मग मी खरेदीला अंगठा देते." ती सातवी शिकलेली, सही चांगली करते, पण म्हणाली तसंच. घर तिच्या नावावर झालं. पहिल्या पावसाळ्याआधी पत्रा बदलला, दुसऱ्या वर्षी मोरी आणि संडास झाला. स्वयंपाकाचा ओटा अजून व्हायचा आहे, त्याला ऊसबिलाच्या दुसऱ्या हप्त्याची वाट आहे. कारभारी पहाटे साडेचारला सायकलवर किटल्या अडकवून निघतो. म्हातारी खालच्या आळीला रोज दुपारी जाऊन बसते, आणि पावसाचा जोर वाढला की कोयनेतून किती पाणी सोडलं ते नातीकडून मोबाईलवर विचारून घेते.