हौशी मॅप, जुना संगणक आणि दृश्यतेचे गणित

संगणकावरील खेळांत ज्या स्थळी खेळ चालतो, त्याच्या रचनेस मॅप असे म्हणतात. मूळ निर्मात्यांखेरीज हौशी खेळाडूही असे मॅप रचतात. अलीकडे हे हौशी मॅप इतके तपशीलवार होऊ लागले आहेत की, जुन्या संगणकावर चालविले असता चित्र अडखळू लागते. यंत्र बदलल्यावाचून गत्यंतर नाही, असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कित्येक चालती यंत्रे टाकाऊ ठरण्याची वेळ आली. यंत्र खरोखर असमर्थ आहे, की त्याजकडून निष्कारण काम करवून घेतले जात आहे, हे ओळखणे म्हणूनच अभ्यासकास अगत्याचे आहे.

समजा, शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या परिसराच्या धर्तीवर एक मॅप रचण्याचे मनात आणले. त्यात एक दुचौकी वाडा, पेठेतील गल्ली, बाजाराचे पटांगण आणि वेळ नदीचा काठ घ्यावयाचा आहे. हालचाल सलग भासावी म्हणून सेकंदास ६० चित्रे काढावयाची, तर प्रत्येक चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांवर समाधान मानल्यास सुमारे ३३.३. वाड्याच्या पहिल्या चौकात उभ्या असलेल्या खेळाडूस नदीकाठ दिसत नाही. तरीही यंत्राने तो काठ, त्यावरील झाडे आणि वाटेतील सारी पेठ रेखाटून शेवटी भिंतीने झाकली, तर तो वेळ सर्वस्वी वाया गेला. तात्पर्य, प्रश्न किती रेखाटावयाचे हा नसून काय रेखाटावयाचे नाही हा आहे.

ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार खेळांहून जुना आहे. फुक्स, केडेम व नेलर ह्यांनी १९८० मध्ये अवकाशाचे प्रतलांनी दुभाग करीत जाणाऱ्या वृक्षरचनेची पद्धत मांडली. तिच्यामुळे कोणता पृष्ठभाग पुढे व कोणता मागे, हे झटपट ठरविता येते. १९९३ सालच्या ‘डूम’ ह्या खेळात जॉन कारमॅक ह्यांनी तिचा उपयोग केला आणि केवळ ४ मेगाबाइट मेमरीच्या संगणकावर तो खेळ चालू शकला. परंतु एका चित्रात जमीन व छत ह्यांचे १२८ हून अधिक सपाट भाग आले की मूळ ‘डूम’ बंद पडे. हौशी रचनाकारांना ही मर्यादा वारंवार जाचे. १९९७ मध्ये खेळाची मूळ आज्ञावली खुली झाल्यावर चाहत्यांनीच ती दूर केली.

१९९६ सालच्या ‘क्वेक’ने पुढचे पाऊल टाकले. मॅप तयार होतानाच त्याचे अनेक लहान कक्ष पाडावयाचे आणि कोणत्या कक्षातून कोणता कक्ष दिसू शकेल, ह्याची नोंद आधीच करून ठेवावयाची, अशी ही योजना होय. टेलर व सेकाँ ह्यांनी १९९१ मध्ये इमारतींच्या अंतर्भागासाठी ह्याच प्रकारचा विचार मांडला होता. मॅपात ३,००० कक्ष असल्यास प्रत्येक कक्षाच्या नोंदीस ३,००० बिट, म्हणजे ३७५ बाइट लागतील. सर्व मिळून सुमारे ११ लाख बाइट. बहुतेक कक्ष परस्परांस अदृश्य असल्याने नोंदीत शून्यांच्या लांबच लांब ओळी येतात. त्या ओळी संक्षेपाने लिहिल्या की आकार पुष्कळच घटतो. हे गणित करण्यास तास न् तास लागू शकतात. मात्र तो खर्च रचनाकार एकदाच सोसतो आणि प्रत्येक खेळाडूची क्षणोक्षणीची बचत होते. ‘हाफ-लाइफ’ (१९९८) आणि त्यावर चाहत्यांनी उभारलेला, आपल्याकडील सायबर कॅफेंत एके काळी आवडीने खेळला गेलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ ह्याच परंपरेतील होत.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या मॅपाकडे वळू. वाडा ह्या पद्धतीस फार अनुकूल आहे. देवडीतून वळण घेऊन चौकात यावयाचे असल्यास दृष्टिरेषा आपोआप तुटते. रायगडाच्या महादरवाजासारख्या गोमुखी रचनेत दरवाजा बुरुजांच्या आड ठेवण्यामागे शत्रूस तो थेट दिसू नये हा हेतू असे. मॅपाच्या रचनाकारास तीच युक्ती यंत्राचा भार हलका करण्यास उपयोगी पडते. कोरीव खांब, कोनाडे, तुळशीवृंदावन हे मात्र कक्ष पाडण्यास कारण होऊ देऊ नयेत, नाहीतर कक्षांची संख्या व्यर्थ फुगते. ‘क्वेक २’ (१९९७) पासून अशा भागांची ‘तपशील’ म्हणून स्वतंत्र नोंद करण्याची सोय आहे. तसेच, मॅपाच्या बाह्य आवरणात एक फट जरी राहिली, तरी दृश्यतेचे गणित होत नाही. ती फट शोधण्याऐवजी साऱ्या मॅपाभोवती एक प्रचंड पेटी बांधणे हा भ्रामक उपाय होय. कारण मग बाहेरच्या, कोणासही न दिसणाऱ्या भिंतीसुद्धा हिशेबात धराव्या लागतात.

बाजाराच्या पटांगणात ह्या पद्धतीचे फारसे चालत नाही, कारण तेथे सर्वच सर्वांस दिसते. तेथे दूरची पाले मोजक्या पृष्ठांची करावी, वा वृक्ष व भिंती ह्यांची मांडणी दृष्टी अडेल अशी करावी. पृष्ठचित्रांबाबतही विवेक हवा. १०२४ × १०२४ बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास, ४ मेगाबाइट मेमरी घेते. ५१२ × ५१२ चे केवळ १.

तयार मॅप खेळणाऱ्याने प्रथम निदान करावे. पडद्यावरील बिंदूंची संख्या १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणल्यास काम सुमारे ४४ टक्क्यांवर येते. इतके करून वेग वाढला, तर अडचण बिंदू रंगविण्याची होती. वेग तसाच राहिला, तर ती बहुधा रचनेत वा खेळातील पात्रांच्या हिशेबात आहे, आणि चित्राची स्पष्टता आणखी घटविण्याने काही साधणार नाही.

जुन्या यंत्राच्या सामर्थ्यास मर्यादा आहेतच, आणि काही मॅप त्यांच्यापलीकडचे असणार. परंतु तपशील आणि वेग ह्यांत मूलतः वैर नाही. जो रचनाकार न दिसणाऱ्या भागाचा हिशेब आधी करून ठेवतो, त्याच्या मॅपाचा तपशील नवे यंत्र घेऊ न शकणाऱ्या खेळाडूपर्यंतही पोहोचू शकतो.