काठ कोणाचा?

खानदेशाला समुद्र नाही. मुलताईजवळ उगम पावलेली तापी जळगाव-धुळ्याची काळी जमीन ओलांडून सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते, एवढाच काय तो या मुलखाचा सागराशी निसर्गदत्त संबंध. तरीही जळगावचा किंवा धुळ्याचा विद्यार्थी, कारकून वा शिक्षक कामानिमित्त मुंबईस गेला, की हातातले काम आटोपून सायंकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घटकाभर टेकल्याखेरीज त्याला मुंबई पाहिल्यासारखे वाटत नाही. तेथे पाहण्यासारखे तसे काय आहे? एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस धावत्या मोटारी आणि मध्ये पायी चालण्याची एक सपाट वाट. तिकीट नाही, दार नाही, उठवणारा कोणी नाही. त्या वाटेचे आकर्षण केवळ समुद्रात नाही, या मुक्ततेतही आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे समुद्र नसलेल्या खानदेशालाही या विषयाशी कर्तव्य का असावे, हे समजू लागते.

पाण्याच्या काठाने निव्वळ फिरण्यासाठी वाट बांधावी, ही कल्पना फार जुनी नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे हिवाळा घालवण्यास येणाऱ्या इंग्रजांनी १८२०च्या दशकात आपल्या खर्चाने समुद्रालगत एक वाट तयार करविली. कामावाचून असलेल्या गरिबांना मजुरी मिळावी, हाही त्यामागील एक हेतू होता. अमेरिकेतील अटलांटिक सिटीचा फळ्यांचा पथ मात्र अगदी वेगळ्या कारणाने जन्मला. किनाऱ्यावर फिरून आलेल्या प्रवाशांच्या पायांना चिकटलेली वाळू आगगाडीच्या डब्यांत आणि उपाहारगृहांच्या गालिच्यांवर पसरे. त्यावर तोडगा म्हणून अलेक्झांडर बोर्डमन या रेल्वेच्या कंडक्टरने एका हॉटेलवाल्याच्या साथीने वाळूवर लाकडी फळ्या अंथरण्याची सूचना केली. १८७० साली झालेला तो पथ जेमतेम आठ फूट रुंद होता आणि हंगाम संपताच उचलून ठेवला जाई. पुढे तो कायमचा झाला, रुंदावला, त्याच्या कडेने दुकाने व नाट्यगृहे उभी राहिली. त्या शहरातील रस्त्यांच्या नावांवर बेतलेल्या ‘मोनोपॉली’ या खेळात तर सर्वांत महाग घर याच पथाचे ठरले. वाळू झाडण्याचा त्रास वाचवण्यासाठी टाकलेल्या फळ्यांचे हे भाग्य!

परंतु या वैभवाला दुसरी बाजूही होती. त्या पथावर धनिकांना बसवून चाकांच्या खुर्च्या ढकलण्याचे काम करणारे पुष्कळसे कृष्णवर्णीय होते. विसाव्या शतकात दीर्घकाळ त्याच कृष्णवर्णीयांना समुद्रस्नानासाठी मात्र किनाऱ्याचा वेगळा तुकडा नेमून दिलेला होता. पाणी निसर्गाचे असले, तरी त्याच्या काठी कोणी यावे हे माणसेच ठरवत आली आहेत. महाराष्ट्रातील वाचकास हे निराळे सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याच्या काठी उतरले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. सार्वजनिक पाण्याचा काठ सर्वांचा आहे, हे त्यांना प्रस्थापित करावयाचे होते. काठावरून चालण्याचा हक्क ही करमणुकीची क्षुल्लक बाब नाही, ती नागरिकत्वाची बाब आहे.

कापसाचा धागा

मरीन ड्राइव्हच्या इतिहासाशी खानदेशाचे नाते पाहुण्यापुरते नाही, ते कापसाचे आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत जळगाव ही खानदेशातील कापसाची मोठी पेठ बनली. याच पैशाच्या पुराने मुंबईत सट्ट्याचे वारे शिरले आणि बॅक बे म्हणजे पश्चिमेकडील उपसागर भरून जमीन काढण्यासाठी कंपनी निघाली. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, कंपनी बुडाली आणि जळगावच्या पेठेलाही जबर धक्का बसला. शेतकऱ्याच्या कापसावर उभे राहिलेले समुद्र हटविण्याचे ते पहिले स्वप्न असे विरून गेले.

दुसऱ्यांदा हे काम गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२०च्या सुमारास हाती घेण्यात आले. १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढण्याची योजना होती. प्रत्यक्षात भरलेला गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, खर्च भरमसाट वाढला आणि लोक या उद्योगाला ‘लॉइडचा खुळेपणा’ म्हणू लागले. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या खात्यातील गैरव्यवहार निर्भीडपणे चव्हाट्यावर मांडला. त्यांच्यावर एका अधिकाऱ्याने भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले. अखेर योजना आवरती घेऊन सुमारे ४४० एकरांवर समाधान मानावे लागले. १९४०च्या सुमारास पूर्ण झालेला मरीन ड्राइव्ह हे त्या फसलेल्या महत्त्वाकांक्षेचेच एक फळ होय. त्यालगतच्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. पण सामान्य माणसाच्या लेखी त्या इमारतींहून समोरचा कठडा मोलाचा आहे. लाखो रुपयांच्या सदनिकेतील रहिवाशाला दिसणारा सूर्यास्त त्या कठड्यावर बसून चणे खाणाऱ्यालाही तसाच दिसतो.

तलाव आणि नदी

आता खानदेशाकडे वळू. ‘चौपाटी’ हा शब्द मुंबईच्या गिरगावातून निघून महाराष्ट्रभर पसरला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतही भेळ-पावभाजीच्या गाड्या जेथे लागतात त्या जागेस लोक चौपाटी म्हणतात. शब्द आला, खाद्यपदार्थ आले, मात्र पाण्याकाठची मोकळी वाट बहुतेक ठिकाणी आली नाही. नाव घेतले आणि मर्म सोडून दिले, असेच याला म्हणावे लागेल.

वास्तविक जळगावला मेहरूणचा तलाव आहे. ज्याच्या नावाने बोरे प्रसिद्ध झाली, त्या मेहरूणच्या पाण्याकाठी पहाटे वृद्ध फिरावयास येतात, विद्यार्थी धावण्याचा सराव करतात, गणेशविसर्जनास सारे शहर लोटते. धुळ्याला पांझरा आहे. फड पद्धतीच्या बंधाऱ्यांनी शेते भिजविणाऱ्या या नदीने शतकानुशतके सामुदायिक शिस्तीचा धडा दिला. फडातले पाणी कोणा एकाचे नसे, ते पाळीने सर्वांना मिळे. श्रावणात कानबाईला निरोप देण्यासाठी नदीवर जाणाऱ्या बायाबापड्यांना नदीकाठ म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. खानदेशाला नदीकाठची संस्कृती नवी नाही. आधुनिक शहरात तिला जागा देणे मात्र राहून गेले आहे.

अलीकडे धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले. वाहतुकीची सोय झाली, हे खरेच. परंतु काठाचा रस्ता आणि काठाची वाट या दोन भिन्न गोष्टी आहेत. रस्ता माणसाला पाण्याजवळून पलीकडे नेतो, वाट माणसाला पाण्याजवळ आणते. शिवाय पांझरा ही नदी नेहमीच गरीब गाय असते असे नाही. १८७२च्या पुराने धुळ्याची मोठी हानी केली होती आणि ऑगस्ट २०१९ मध्येही नदीने आपले मूळ पात्र शहराला दाखवून दिले. म्हणून काठावर काँक्रीटची भिंत चढविण्याआधी पुराच्या पाण्याला त्याची जागा राखून ठेवली पाहिजे. आठ फुटांच्या त्या पहिल्या लाकडी पथात जे शहाणपण होते, ते हेच. पाण्याशी भांडण न करता, वेळ आल्यास बाजूला होता येईल अशी ती रचना होती.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट सांडपाण्याची. दुर्गंधी येणाऱ्या पाण्याभोवती कितीही सुंदर फरशी बसविली तरी तेथे कोणी थांबणार नाही. दुसरी गोष्ट सावलीची. ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे संगमरवरी बाकापेक्षा कडुनिंबाचे झाड अधिक उपयोगाचे. तिसरी गोष्ट उजेडाची. दिवेलागणीनंतर महाविद्यालयीन मुलगी किंवा घरकाम आटोपलेली गृहिणी निर्धास्तपणे फिरू शकत नसेल, तर तो काठ निम्म्या शहरासाठी बंदच म्हणावयाचा. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिकीट नसण्याची. उद्यानाला कुंपण व प्रवेशशुल्क बसविण्याचा मोह नगरसंस्थांना नेहमी होतो, देखभालीचा खर्च हे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु दिवसभर खडूची धूळ खाल्लेल्या शिक्षकाला, फायलींतून डोके वर काढणाऱ्या कारकुनाला आणि वसतिगृहाच्या कोंदट खोलीतील विद्यार्थ्याला पैशावाचून बसता येईल अशा जागा शहरात किती उरल्या आहेत?

समुद्र आणणे कोणत्याही नगरपालिकेच्या हाती नाही. पाणी स्वच्छ ठेवणे, काठ मोकळा ठेवणे आणि त्या काठावर येणाऱ्याला ‘तू कोण’ असे न विचारणे, एवढे मात्र तिच्या हाती निश्चित आहे. खानदेशच्या कापसातूनच एकेकाळी मुंबईचा समुद्र हटविण्याची उमेद निर्माण झाली होती. त्याच खानदेशातील माणसाला चार पावले मोकळेपणी चालण्यासाठी रात्रभराच्या गाडीने मुंबई गाठावी लागू नये.