बंध तुटल्यावर ऊर्जा मिळते का?

‘इंधनाच्या बंधांत ऊर्जा साठलेली असते, बंध तुटले की ती बाहेर पडते.’ रसायनशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी वहीत उतरवलेलं असतं. ते चुकीचं आहे, आणि ते डोक्यात पक्कं बसलं की ऊर्जेचं सगळं गणित उलटं होतं.

बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना. पाइपमधून घरी येणारा गॅस घ्या. तो मुख्यतः मिथेन असतो. एक मोल, म्हणजे 16 ग्रॅम मिथेन जळताना कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तुटतात, प्रत्येकी 413 किलोज्यूल. ऑक्सिजनच्या दोन रेणूंचे बंध तुटतात, प्रत्येकी 498. खर्च झाला 2648. मग कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध जुळतात, प्रत्येकी 799, आणि पाण्यातले चार, प्रत्येकी 463. जमा 3450. हाती उरतात 802 किलोज्यूल. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला साधारण 314 लागतात, म्हणजे ही शिल्लक चांगली घसघशीत आहे. शेगडीला लायटर लागतो तोही याचमुळे: जमा होण्याआधी थोडा खर्च करावाच लागतो.

उत्तर ‘उणे 802’ असं लिहितात. उणे म्हणजे ऊर्जा नाहीशी झाली, असं नव्हे. अभिक्रियेने ती गमावली आणि भोवतालाने, म्हणजे आपल्या पातेल्याने, कमावली.

याच ज्वलनासाठी काही पुस्तकांत 890 दिसतं, आणि विद्यार्थी गोंधळतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. 802 मध्ये पाणी वाफेच्या रूपात आहे. वाफेचं पाणी झालं की दर मोलामागे आणखी 44 मिळतात, दोन मोलांचे 88. म्हणून गणितात पदार्थाची अवस्था आधी पाहा.

बंध ऊर्जेचा तक्ता कुठेही लावता येतो, हाही भ्रमच. ते आकडे सरासरी असतात आणि वायूंसाठी असतात. चुनकळी विरवताना पाणी खदखदतं, पण तिथे हा तक्ता कामाचा नाही. तिथे 1840 साली हेस यांनी मांडलेला नियम वापरायचा: वाट कुठलीही असो, एकूण फरक तोच. चुनकळी तिच्या मूलद्रव्यांपासून बनताना 635 किलोज्यूल सुटतात, पाणी बनताना 286, विरलेला चुना बनताना 986. 986 मधून पहिले दोन वजा केले की उरतात 65; 56 ग्रॅम चुनकळीमागे तेवढी उष्णता निघते.

उष्णता बाहेर टाकणारी प्रक्रियाच आपोआप घडते, असंही अनेकांना वाटतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर नवसागर टाकून ढवळा. तो कोणी न तापवता विरघळतो, त्यासाठी लागणारी उष्णता पाण्यातूनच घेतो, आणि ग्लास हाताला गार लागतो.