कळीच्या चुन्याचा जमाखर्च

दिवाळी जवळ आली की आपल्या निपाणी-बेळगावच्या भागात जुन्या घरांच्या भिंतींना चुना देण्याची तयारी सुरू होते. पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतले की तो फसफसतो, वाफा निघतात, पिंपाला हात लाववत नाही. खाली जाळ नाही आणि पाणी तर उकळते! ही उष्णता आली कोठून?

विज्ञानाचे सर रजेवर असताना त्यांचा तास मजकडे आला, तेव्हा मी हाच प्रश्न वर्गास विचारला. (मी भाषेचा शिक्षक, हे धाडसच म्हणावयाचे.) 'उष्मादायी अभिक्रिये'ची व्याख्या सर्वांना मुखोद्गत होती. परंतु उत्तरे आली ती अशी : "कळीत आग दडलेली असते", "पाण्याचा बंध तुटतो, म्हणून उष्णता सुटते." दुसरे उत्तर एका हुशार मुलाचे. मीही शाळेत असताना हेच लिहून गुण मिळविले होते; आणि ते चूक आहे.

जोडलेले कण एकमेकांस ओढून धरतात. त्यांना विलग करावयाचे तर ऊर्जा खर्ची पडते. बंध तुटणे हा नेहमी खर्च. बंध जुळणे ही नेहमी जमा. चुना विरताना पाण्याच्या रेणूतील बंध तुटतो खरा, पण नव्या जुळणीची जमा त्याहून मोठी असते. ती शिल्लक उष्णता होऊन बाहेर पडते. खर्च अधिक असेल तेथे उष्णता बाहेरून पुरवावी लागते. ती अभिक्रिया उष्माग्राही.

चुन्याच्या भट्टीत नेमके हेच घडते. चुनखडी (कोकणपट्टीवर शिंपले, द्रव्य तेच) सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीचे विघटन व्हावयास सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो, ५६ ग्रॅम कळी उरते. ती कळी विरविली की सुमारे ६५ किलोज्यूल परत मिळतात.

मग उरलेले ११३ गेले कोठे? ते भिंतीवर मिळतात. चुन्याचा हात वाळताना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो, आणि ती बाकी फिटते. मात्र इतक्या सावकाश, की भिंतीला हात लावून काही कळावयाचे नाही. ६५ आणि ११३ मिळून १७८! टप्पे कितीही असोत, आरंभ आणि शेवट तेच असतील तर उष्णतेचा हिशेब तोच राहतो, हा नियम जर्मेन हेस याने सेंट पीटर्सबर्ग येथे १८४० साली मांडला.

तंबाखूच्या पेठेतील मुले ती. जमाखर्च म्हटल्यावर त्यांना फार सांगावे लागले नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "म्हणजे सर, आपल्या वर्गाची भिंत अजून परतफेड करते आहे?" चुना नवा असेल तर होय, असे मी सांगितले.

चुना विरताना जरूर पाहा, परंतु दुरून. त्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गेलाच तर डोळा तत्काळ भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.